उभी बाई, बसलेल्या दहाजणी

एका गावात एक सासू व्हती, एक सून व्हती, दहा खुरपी व्हती, एक स्टीलचं ताट व्हतं आन् एक वाघ व्हता. गाव पिंपरी पेंढार. सासू मी, सून सविता. वाघाचं नाव कुणी विचारलं न्हाई. पेपरवाले बिबट्या म्हणायचे, पण त्यांना कुठं त्याच्याशेजारी बसून कांदा खुरपायचा व्हता!

वाघ येऊन गेला का मागं किस्सा राहतो. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या अकरा बायांच्या टोळीत इतके साठले, का सांगायला दिवस पुरत नसे. हसू कुणाला यायचं, ते मात्र कोण कुठं उभं व्हतं त्यावर!

खाली बसलेली बाई वाघाला शेळीएवढी दिसती. म्हणून दहाजणी खुरपायला बसायच्या आन् एक ताट-पळी वाजवत, वाघ लपायचा त्या उसाकडं तोंड करून उभी राह्यची. पाळीपाळीनं.

*

टोळीतल्या हिराबाईचा भाचा पुण्याहून आला. कंपनीत सुपरवायझर. आमचं ताट बघून पोट धरून हसला. "मावशी, वाघाला जेवायला बोलावताय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टमरेल घेऊन दारात. "मावशी, जरा... येता का ताट घेऊन?"

हिराबाई पाठ करून बांधावर उभी राह्यली. दोनदा वाजवलं, थांबली. झुडपाआडून आवाज आला, "थांबू नका हो! वाजवा! वाजवा!"

*

मग वाघ धरायला वनखात्याचा पिंजरा आला. लावणारे भाऊ लई हुशार. "वाघ असा आत शिरतो," म्हणून स्वतःच शिरून दाखवलं. धाडकन दार पडलं! आत भाऊ, जाळीपल्याड आमिषाला बांधलेली शेळी.

आमी लोळायच्या बाकी! "हसा, हसा," भाऊ म्हणाले, "दार उचलणारी माणसं जेवायला गेल्यात."

इतक्यात शेळी उसाकडं बघून ओरडायला लागली. आमचं हसू जागीच थिजलं. भाऊ आतून म्हणाले, "माझं दार बंद हाय, बायांनो. तुमचं बघा!"

*

सविताच्या लग्नाला नऊ वर्सं झाली, पाळणा हलला न्हाई. त्यावरून मी तिला बोलले न्हाई, असं न्हाई. त्यात तिला खोड, भ्याली का हसायची. मला वाटायचं, मलाच हसती.

एकदा मी चुलीपुढं बसलेली, ही दारातून माझ्याकडं बघून खिदळती. म्हणलं, "दात काय काढती? सासूच्या तोंडाला काय लागलंय?" ती हसतच बोट दावी. वळून बघते तर जळणातून निघालेला नाग माझ्या पाटाशी!

*

दहाव्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात बसवेना, म्हणून ताट कायमचं तिच्या हातात. घरी ठेवावी तर घर उसाला लागून, एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? हिराबाई चिडवायची, "महाराणीला नुसतं उभं राह्यची मजुरी!" माझा डोळा मात्र कांद्यावर कमी, तिच्या पोटावर जास्ती.

त्या दुपारी हिराबाई पाय घसरून चिखलात बसली. सविता हसायला लागली. तिचं बघून आमालाबी आलं. हिराबाईलाबी आलं. दहाजणी गडाबडा!

मग माझ्या ध्यानात आलं. सविता हिराबाईकडं बघतच न्हवती, उसाकडं बघत व्हती. ताट हातात तसंच, वाजवायचं राह्यलेलं.

"उठा," मी म्हणाले, "आन् हसायचं थांबू नका."

माझा आवाज ऐकून समद्यांना कळलं. आमी उभ्या राह्यलो आन् हसलो. असं हसणं मी जन्मात ऐकलं न्हाई. जवळचा ऊस हलला. मग लांबचा हलला. सविता हसतच व्हती, गालावरून पाणी वाहत व्हतं.

पंधरा पावलांवर ओल्या मातीत पंजे उमटलेले.

*

दोन महिन्यांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप! बारशाला घुगऱ्या केल्या, समदी टोळी पाळण्याभोवती बसली. हिराबाईनं मोठ्या आवाजात पाळणा म्हणला. मी पोरीला उचलून सविताच्या मांडीवर दिलं.

सवितानं लेकीकडं बघितलं आन् खळखळून हसली.

आमी दहाजणी झटक्यात उठून उभ्या राह्यलो!