अकराव्या संग्रहाचा पहिला आकडा

घरात तिला बेबी म्हणत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, जाड चष्म्याच्या बाईला बेबी म्हणणं घरच्यांनाच जमतं. बाहेर मात्र ती कंपोझताई. बाइंडर, कागदवाला, प्लेटवाला, सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. खरं तर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा काळ तिने पाहिलाच नव्हता. ती छापखान्यात लागली तेव्हा खिळ्यांचे खण अडगळीत गेले होते आणि त्यांच्या जागी संगणक येऊन बसले होते. पण छापखान्यात जो पानं लावतो तो कंपोझिटर, मग तो बोटांनी लावो नाहीतर माउसने. नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि पुन्हा ठरवायला कुणी फारसं धावलं नाही. तीही धावली नाही. दादाच्या घरी राहायची, सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी परत. अर्धं आयुष्य तिने दुसऱ्यांची पुस्तकं लावली, आणि त्या सगळ्या काळात तिच्या खुर्चीमागे कुणी ना कुणी उभं असायचं. मालक, मालकाचा मेहुणा, लेखक, लेखकाचा मित्र. "ते जरा डावीकडे घ्या. मोठं करा. एवढं नको. जाऊ दे, आधीचंच बरं होतं." मानेवर श्वास लागेल इतक्या जवळ उभे राहणारे लोक तिने सोसले. फुकटचा सल्ला देणाऱ्याला बसायला खुर्ची लागत नाही. तिला फार काही नको होतं. खुर्चीमागे माणूस नको होता, एवढंच.

मग छापखाना बंद पडला. मालकाने जाताना तिचा संगणक तिलाच देऊन टाकला. यात दानशूरपणा काही नव्हता, भंगारवाल्यानेही त्याला नाक मुरडलं असतं. तिने तो रिक्षात घालून घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत मांडला.

इथे घोडं पेंड खात होतं, कारण ती खोली दादाची होती. दादाचं हार्डवेअरचं दुकान. रंगाचे डबे, पाइप, नळाच्या तोट्या, जे दुकानात मावेना ते या खोलीत. शिवाय दादाचे गुडघे दुखायला लागले होते. तो म्हणाला, "बेबी, तू गल्ल्यावर बस. घरचं दुकान आहे, कुणाची चाकरी नाही. मला जरा आराम पडेल."

त्याचं चूक नव्हतं. त्याने तिला इतकी वर्षं सांभाळलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. म्हणूनच तिला नाही म्हणणं जड गेलं. ती म्हणाली, "दादा, एक पुस्तक करू दे. ते जमलं आणि पुढचं काम मिळालं तर खोली माझी. नाहीतर मी उठून दुकानात येते."

"ठरलं," दादा म्हणाला, आणि रंगाचे डबे एका भिंतीला रचून ठेवले. बाहेर नाही नेले. व्यापारी माणूस, एवढ्यात माल हलवत नाही.

ते एक पुस्तक म्हणजे आठवीच्या गणिताचा सराव. लिहिणारे एक निवृत्त सर, छापणारे एक प्रकाशक. प्रकाशकसाहेब तोंडावर बोलणारे. म्हणाले, "ताई, तुम्ही छापखान्यात होतात तेव्हाची गोष्ट वेगळी. आता एकट्या आहात. हे नीट झालं तर नववी, दहावी, दर वर्षीच्या नव्या आवृत्त्या, सगळं तुमचं. नाही झालं तर आपला नमस्कार."

गणिताच्या पुस्तकात जीव खातात ते आकडे. उत्तरातले नव्हेत, उदाहरणांच्या आधीचे. तिला काम शिकवणारे छापखान्यातले उस्ताद, खिळ्यांच्या जमान्यातले, दोन गोष्टी सांगायचे. एक, सही झालेल्या पानाला पुन्हा सही घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरी, अनुक्रमांक हाताने घालायचा. "मशीनला मोजता येतं, पण कुठून मोजायचं ते त्याला काय कळणार?"

पहिली गोष्ट तिने आयुष्यभर पाळली. दुसरी सोडून दिली होती. कारण हाताने आकडे घातले आणि मधलं एक उदाहरण लेखकाने उडवलं, की पुढचे सगळे आकडे खोडून पुन्हा घालत बसा. आणि उडवत नाही असा लेखक अजून जन्माला यायचाय. सॉफ्टवेअरला एकदा सांगून ठेवलं की ते आपोआप आकडे घालतं, मधलं काढलं की पुढचं वर सरकवतं. अडचण एकच. एक उदाहरणसंग्रह संपून दुसरा सुरू झाला हे त्याला कळत नाही. दहाव्या संग्रहात अठरा उदाहरणं असली तर अकरावा संग्रह ते खुशाल एकोणीसपासून सुरू करतं. आज्ञाधारक पण बिनडोक नोकर असावा तसं. म्हणून दर संग्रहाच्या पहिल्या उदाहरणावर जाऊन त्याला सांगावं लागतं, बाबा रे, इथून पुन्हा एकपासून मोज. ती तेच करत आली होती. एक आज्ञा, एक टिचकी, की पुढचा सगळा संग्रह सुतासारखा सरळ.

मुद्रितं तपासायला वहिनी बसायची. ती मागची उत्तरं वाचणार, बेबी पुढची उदाहरणं बघणार. वहिनीचं आणि गणिताचं शाळेपासून हाडवैर. "एकदा सुटली होती पीडा," ती म्हणायची, "आता या वयात तू मला पुन्हा आठवीत बसवलंस." पण बसायची. भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचायची, "संग्रह सातवा, चौथ्याचं उत्तर बारा सेंटिमीटर. बारा कशाला, अकरा ठेवले असते तर काय बिघडलं असतं?"

काम छान झालं. सरांनी पानं पाहिली, एकही लाल खूण न करता परत पाठवली. आणि मग अगदी शेवटी, गाडी सुटताना खिडकीतून सूचना द्याव्यात तसा त्यांचा फोन आला. "अहो, अकराव्या संग्रहातलं पहिलं उदाहरण काढा हो. तेच मी दहाव्यात देऊन बसलोय. वय झालं."

तिने ते काढलं. त्या पानावर खाली त्रिकोणाची आकृती होती, ती मागच्या पानावर उडी मारते की काय याचीच तिला धास्ती. सगळं लक्ष त्रिकोणावर. त्रिकोण जागचा हलला नाही. मागची उत्तरं तिने ओळीत भरून बसवलेली, त्यांचे आकडे हाताने घातलेले. तिथलं पहिलं उत्तर काढलं, आकडे नीट केले. पानं छापून साहेबांकडे नेली, साहेबांनी भराभरा उलटून शेवटच्या पानावर सही ठोकली, फाइल प्लेटवाल्याकडे गेली. सकाळी छपाईची प्लेट होणार.

घरी येऊन तिने चहा घेतला, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात तसं, नववीचं काम हातात नसतानाच नववीच्या पुस्तकाचा सांगाडा करायला घेतला. आठवीच्या फाइलची एक प्रत काढली, पहिले दोन संग्रह नमुन्याला ठेवले आणि पुढची जुनी उदाहरणं पुसत चालली, म्हणजे नुसती रचना उरेल. तिसऱ्या संग्रहाचं पहिलं उदाहरण पुसलं तर दुसरं वर सरकलं आणि त्याच्यापुढे आकडा आला बावीस.

ती थांबली. चौथ्या संग्रहाचं पहिलं पुसून पाहिलं. तिथेही तेच, मागून मोजत आलेला भलताच आकडा. एकपासून सुरू कर ही आज्ञा तिने ज्या उदाहरणाला दिली होती, ते गेलं की आज्ञाही त्याच्याबरोबर गेली. आता हे तिला कळायला हवं होतं का? हवं होतं. पण पहिलंच उदाहरण काढायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. लेखक मधलं काढतात, शेवटचं काढतात. पहिलं त्यांचं लाडकं असतं.

मग तिला सरांचा फोन आठवला. तिने मूळ फाइल उघडली. संग्रह अकरावा, उदाहरण एकोणीस. खाली वीस, एकवीस, पार शेवटपर्यंत. आणि मागे उत्तरांत अकराव्या संग्रहापुढे एक, दोन, तीन. त्रिकोण मात्र जागच्या जागी, ऐटीत.

ती रडली नाही, पण रडावंसं वाटलं. तिने दादाला आणि वहिनीला हाक मारली आणि सगळं सांगितलं.

दादाने दुकानदारासारखं शांतपणे विचारलं, "त्या पानांवर सही कुणाची?"

"साहेबांची."

"मग झालं तर. गिऱ्हाईकाने माल बघून घेतला, सही केली. पुढे त्याचं तो बघेल. उद्या त्याने विचारलं तर सही दाखव. तू आपणहून फोन करून कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? काम जाईल हातचं."

यात खोटं काही नव्हतं. तिचा उद्याचा दिवस, ही खोली, नववी, दहावी, सगळं गप्प बसण्यावर टिकणार होतं. आणि सही तर होतीच. तिला गप्पच बसायचं होतं.

वहिनी संगणकाच्या पडद्याजवळ जाऊन वाकून बघत होती. "म्हणजे पोरगी एकोणिसावं सोडवणार, आणि मागे एकोणीस नाहीच?"

"नाही."

"मला तर वाटलं असतं, माझंच काहीतरी चुकतंय." वहिनी सरळ झाली. "मी शाळेत कायम तसंच म्हणायचे. पुस्तक चुकेल असं कुणाच्या डोक्यात येतं गं?"

बेबीने फोन उचलला.

"साहेब, अकराव्या संग्रहात एक चूक राहिलीय."

"फाइल गेली, ताई."

"म्हणूनच फोन केला. प्लेट थांबवा."

तिने काय झालं ते सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"यावर सही माझी आहे," साहेब म्हणाले.

"हो. पण पान माझं आहे."

मग साहेब भडकले. पहिल्याच पुस्तकात ही तऱ्हा, शाळा उघडायला आल्या, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर, वगैरे वगैरे. तिने ऐकून घेतलं. त्यांचा आवाज उतरल्यावर म्हणाली, "सकाळी नवं पान घेऊन येते. सही लागेल."

त्या संध्याकाळी तिने सगळे संग्रह नव्याने बांधले. आकडा आता पहिल्या उदाहरणाच्या भरवशावर नाही ठेवला. संग्रहाच्या मथळ्यालाच बांधून टाकला. मथळा आला की मोजणी एकपासून, मग खालचं कुठलंही उदाहरण राहो नाहीतर जावो. एकेक संग्रहाचं पहिलं उदाहरण पुसून पाहिलं, परत आणलं, पुढचा घेतला. ताकही फुंकून पिणं झालं हे, पण पोळलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. सकाळी साहेबांनी मान वर न करता सही केली आणि म्हणाले, "थांबवल्याचा खर्च तुमच्या बिलातून जाईल." ती बरं म्हणाली.

पुस्तक वेळेवर निघालं. साहेबांचा फोन काही आला नाही.

ठरल्याप्रमाणे ती दुकानात जाऊन बसू लागली. संगणकावर चादर टाकली. दादाने एकदाही मी सांगत होतो म्हटलं नाही, उलट तिच्यासाठी गल्ल्यापाशी बरी खुर्ची आणली. फक्त तो त्या खुर्चीमागे उभा राहायचा. "तो स्क्रू नव्हे, लांबवाला दे. पिशवीत नको, कागदात बांध." तो प्रेमानेच सांगायचा. तिला मात्र घरी जाऊन उशीत तोंड खुपसावंसं वाटायचं. आपण कृतघ्न आहोत असं वाटायचं आणि तरीही वाटायचं.

अशाच एका दुपारी, ती खिळे मोजून देत असताना, प्रकाशकसाहेबांचा फोन आला.

"नववीचं हस्तलिखित आलंय. करणार का?"

तिची खिळ्यांची मोजणी चुकली.

"पण एक सांगतो," साहेब म्हणाले. "घरून नको. माझ्या ऑफिसात बसा. टेबल देतो, पगार देतो, दर महिन्याला. काम मला डोळ्यांसमोर हवं. मी मधूनमधून येऊन बघत जाईन."

दादाला सगळं ऐकू येत होतं. त्याने खुर्चीमागून वाकून जोरजोरात मान हलवली. हो म्हण. आणि खरंच, यात वाईट काय होतं? पक्का पगार, नावाजलेली जागा, दादाची खोली मोकळी. सगळ्यांचंच भलं होणार होतं. तिच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं, आणि टेबलामागे उभे असलेले साहेब आले.

"साहेब, काम करीन," ती म्हणाली. तिने खिळे खाली ठेवले. "पण घरीच करीन. माझ्या खोलीत. ऑफिसात बसायचं असेल तर मला नको."

दादाने कपाळाला हात लावला.

"आणि पुन्हा चुकलं तर?" साहेबांचा आवाज चढला. "तिथे तुमच्या घरात बघणार कोण?"

"मीच बघणार. आणि चुकलं तर पुन्हा मीच फोन करीन."

तिला वाटलं, आता साहेब फोन ठेवणार. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, दादा मागे श्वास रोखून उभा होता.

"या खेपेला तरी," साहेब शेवटी म्हणाले, "तो फोन फाइल जायच्या आधी करा."