ठेच्याचा दगड घेऊन ओपन डेला

आमच्या घरात खरेदीचा एक कायदा आहे आणि तो हैदराबादच्या बेगम बाजारात घडलेला आहे. वस्तू आवडली तर तोंड पाडायचं. फारच आवडली तर भलतीकडे बघायचं. दुकानदाराशी हैदराबादी हिंदीत बोलायचं आणि आपसात मराठीत, म्हणजे त्याच्या नाकासमोर उभं राहून त्याच्या मालाची उणीदुणी काढता येतात. शेवटी 'राहू द्या' म्हणून चालू लागायचं. तो हाक मारतोच. आणि नाही मारली तर मागे वळायचं नाही, मग ती वस्तू सोन्याची का असेना. या शेवटच्या कलमापायी एक पितळी पातेलं आणि आईला मनापासून आवडलेली एक सतरंजी आम्ही कायमची गमावली आहे. बाबांना त्याचं दुःख नाही, उलट अभिमानच आहे.

हा कायदा युनिव्हर्सिटीलाही लागू होतो, हे मला इंटरच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बारावीत, कळलं.

मला जिऑलॉजी शिकायची होती. त्याला कारण आमच्या कुकटपल्लीच्या बिल्डिंगमागचा खडक. चांगला घराएवढा होता आणि त्याच्या डोक्यावर दुसरा एक धोंडा, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. माझं सगळं लहानपण त्याच्यावर चढण्यात आणि त्याच्यावरून पडण्यात गेलं. मग तिथे टॉवर आला. महिनाभर खडक फोडत होते आणि महिनाभर मी चिडचिड करत होते. शेवटी त्याचा एक गुलाबीसर, चपटा तुकडा उचलून आणला आणि माझ्या खिडकीत ठेवला. आठवडाभरात आईने तो ओट्यावर नेला. मिक्सरमध्ये ठेचा होत नाही, लगदा होतो, हे तिचं जुनं मत, आणि या दगडाखालून म्हणे मिरची निसटत नाही. मी जिला आठवण म्हणत होते ती अशी रोज लसणात न्हाऊ लागली.

बाबांचं म्हणणं एकच होतं: दगडात स्कोप नाही. ते एका पंपांच्या कारखान्यात हिशेब बघतात. वर्षभर मी त्यांना कारणं दिली आणि त्यांनी मला स्कोप दिला. दिलसुखनगरच्या मामाची दोन्ही मुलं कॉम्प्युटरला, शेजारचा कॉम्प्युटरला, वॉचमनचा भाचासुद्धा कॉम्प्युटरला. शेवटी युनिव्हर्सिटीचा ओपन डे, म्हणजे कुणीही येऊन विभाग बघून जायचा दिवस, जाहीर झाला तेव्हा आमच्यात तह झाला. बाबा एकदा येऊन सगळं बघतील. त्यांना नाही पटलं तर मी मुकाट्याने कॉम्प्युटरचा फॉर्म भरायचा आणि पुन्हा दगडाचं नाव काढायचं नाही. "एकदा बघून घेऊ, म्हणजे नाही म्हणायला बरं," असं त्यांनी आईला सांगितलेलं मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं होतं. तरी मी हो म्हटलं. दुसरा रस्ताच नव्हता.

मी तयारी केली. ओपन डेचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा यावर नेटवर सल्ल्यांचा ढीग होता. लवकर पोचा, चालायला सोप्या चपला घाला, प्राध्यापकांना भरपूर प्रश्न विचारा, आवडलं तर उत्साह दाखवा. मी प्रश्न पाठ केले आणि मेट्रोत बाबांना म्हणून दाखवले. ते हादरलेच. प्रश्न विचारला की समोरच्याला आपली गरज कळते आणि गरज कळली की आपण संपलो. "तिथे तू बोलूच नक्को. मी आहे ना," ते म्हणाले. निघताना मी ओट्यावरचा दगड साबणाने घासून सॅकमध्ये टाकला होता. ते मात्र मी सांगितलं नाही.

गेटवर झेंडूच्या माळा होत्या आणि आत मांडव घालून प्रत्येक विभागाने टेबलं मांडली होती. आई या असल्या ठिकाणी पहिल्यांदाच आली होती, पण तिला फार वेळ लागला नाही. प्रत्येक टेबलावर एक कापडी पिशवी फुकट मिळते हे तिने ताडलं. तिने केमिस्ट्रीत रस दाखवला, कायद्यात दाखवला, नाट्यशास्त्रातही दाखवला. पिवळा टी-शर्ट घातलेली एक विद्यार्थिनी आम्हाला फिरवत होती. तिने तेलुगूत विचारलं, आंटी, तुम्हाला नेमका कुठला विषय हवाय? आईने पिशवीची शिवण ओढून बघत हसून वेळ मारून नेली.

कॉम्प्युटरच्या हॉलला एसी होता. एक यंत्र हात जोडून नमस्कार करत होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग छताकडे बघू लागले. भलतीकडे बघणं म्हणजे काय, हे मला जन्मापासून माहीत होतं.

जिऑलॉजी सगळ्यात शेवटी, एका जुन्या इमारतीबाहेर चिंचेखाली. गर्दी नव्हती. खरं सांगायचं तर कुणीच नव्हतं. एक टेबल, त्याच्यावर दगड, बाजूला बंद पडलेला पंखा आणि खुर्चीवर पन्नाशीच्या, उन्हात रापलेल्या एक प्राध्यापक बाई. अंगावर नीटनेटकी सुती साडी आणि पायात जाडजूड बूट. मला काय आवडतं असं त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मी घरचा कायदा विसरले. माझे पाठ केलेले सगळे प्रश्न संपले, मग न पाठ केलेले सुरू झाले. बाई खडकांत हिंडण्याबद्दल, तंबूत राहण्याबद्दल सांगत होत्या आणि मागे आमचे आईबाबा बाजारात बोलतात तशा मोकळ्या आवाजात मराठीत माल तपासत होते.

"टेबलाचा पाय बघ, वीट लावलीय," बाबा म्हणाले. "पंखा बंद. गिऱ्हाईक नाही ते उगीच का?"

"साडीवर बूट बघा हो," आई म्हणाली.

बाबा टेबलावरच्या दगडांकडे टक लावून बघत होते, म्हणजे त्यांना काहीही आवडलेलं नव्हतं. मी घाईघाईने सॅकमधून माझा दगड काढून बाईंच्या हातात दिला. माझ्याकडे तेवढं एकच हत्यार उरलं होतं. बाई तो उलटापालटा करू लागल्या आणि त्याच वेळी मागून बाबांचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीतला.

"स्कोपचं मरू दे. ही पोरगी सपाट फरशीवर पडते. तिकडे डोंगरात पाय घसरला तर मी इथे पंपांचे हिशेब करत बसू?"

मला राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. वर्षभर मी भलत्याच मुद्द्याशी भांडत होते. पगार, नोकऱ्या, परदेशातल्या संधी, काय काय शोधून आणलं होतं मी. त्यांना फक्त भीती वाटत होती, आणि तेवढी एक गोष्ट सोडून ते सगळं बोलले होते.

बाईंनी दगड नाकाशी नेला. मग जिभेचं टोक काढून सरळ चाटला. दगड ओळखायला ही मंडळी कधीकधी तसं करतात, हे मी वाचलं होतं. आईने वाचलेलं नव्हतं.

"अगं बाई, चाटला की हिने," ती म्हणाली.

"मीठ आहे, लसूण आहे," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आणि मिरची लवंगी दिसते. ठेचा चांगला होत असेल याच्यावर."

आईने हातातल्या सगळ्या पिशव्या पाठीमागे लपवल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबांचा चेहरा तर बघवत नव्हता. बाईंचं माहेर उदगीरचं निघालं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पंख्याची तक्रार त्या स्वतःच करून थकल्या आहेत आणि टेबलाखालची वीटही त्यांनीच लावली आहे. दगड आमच्याच गावचा ग्रॅनाइट, अतिशय जुना, आणि ठेचा सोडल्यास नमुना उत्तम. मग त्या बाबांकडे वळल्या.

"पाय घसरतो हं, भाऊ. माझा दोनदा घसरलाय. एकदा हात मोडला."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग बूट बदलले."

बाबांनी मान हलवली. 'बरंय, येतो आम्ही,' म्हणाले आणि चालू लागले. हे 'राहू द्या'च होतं, फक्त सभ्य कपड्यातलं. मी दगड सॅकमध्ये टाकून निघाले. आमच्या घरातली कुणीही बाई सांगेल की अशा वेळी कान मागे ठेवून चालायचं असतं. मी तसंच चालले. आई मुद्दाम पाय ओढत होती, चप्पल लागते म्हणत होती. पण युनिव्हर्सिटी काही बेगम बाजार नव्हे. तिथे कुणी हाक मारली नाही. कॉम्प्युटरचा हॉल मागे पडला, मांडव मागे पडला, गेट आलं. बाबांनी ऑटो थांबवली. मी आत बसले आणि मनातल्या मनात कॉम्प्युटरचा फॉर्म भरायला घेतला.

"थांबा इथंच," बाबा म्हणाले आणि मागे वळले.

आईने माझा हात धरला. आम्ही दोघी ऑटोतून वाकून बघत होतो. लांब, गेटातून सरळ दिसणाऱ्या चिंचेखाली बाई उभ्या राहिल्या, साडी जराशी वर धरून एक पाय त्यांनी पुढे केला, आणि आमचे बाबा उकिडवे बसून त्या बुटाचा तळ अंगठ्याने दाबून बघत होते. परत आल्यावर घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले, तेही ऑटोवाल्याच्या पाठीकडे बघत. घोट्याच्या वर यायला पाहिजेत, म्हणाले.

फॉर्म अजून भरायचा होता. त्याआधीच्या रविवारी ते मला बेगम बाजारात चपलांच्या गल्लीत घेऊन गेले. आई सोबत होती. मी सवयीने तोंड पाडून उभी राहिले. बाबांनी दुकानात पाय ठेवताक्षणी सांगून टाकलं, "बच्ची कू पहाडां पे जाना है. मजबूत होना."

आईने कपाळाला हात लावला. दुकानदारानेही चमकून वर पाहिलं, इतकं उघडं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नसावं. एक जोड माझ्या पायात घालून त्याने भाव सांगितला, आम्ही घासाघीस करू म्हणून थांबला, आणि आम्ही गप्पच आहोत हे बघून स्वतःच कमी करायला लागला.

"कम नक्को करो," बाबा म्हणाले. "अच्छा देओ."