यादोराव मोठ्यानं वाचतो

यादोराव कुंभरेला शोधायचं तर त्याच्या घरी जाऊ नये, उजेड कुठं आहे ते पाहावं, असं आमच्या गावात म्हणत. सकाळी घरापुढच्या सपरीतल्या बाजेवर. ऊन चढलं की गोठ्यामागं, धानाच्या तनसीच्या गंजीला पाठ लावून. दिवस कलला की गावतळ्याकडं, बोडीच्या पाळीवर, कहूच्या झाडाखाली. त्या झाडाचं एक मूळ जमिनीच्या वर आलेलं आहे, आणि बुढ्याच्या बसण्यानं ते सारवलेल्या ओट्यासारखं गुळगुळीत झालेलं आहे. देवरीला बाजाराला गेला तर हायवेच्या स्टॉपवर पुस्तक उघडायचा, आणि दोन बस निघून गेल्या की मान वर करायचा.

"गेली का गा?"

"गेली. तिच्या मागची बी गेली," पानठेलावाला सांगायचा. "तिसरीले हात दाखवू, का पहिले धडा पूर्ण करता?"

शिक्षण सातवी. देवरीकडच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं चौकीदारी केली. त्या नोकरीत त्याला चैन म्हणून एकच गोष्ट मिळाली, फाटकाजवळचा स्टूल. एकदा शाळेनं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. रद्दीवाला यायच्या आधी यादोरावनं साहेबाला विचारून धानाचं एक पोतं भरलं आणि सायकलवर घालून घरी आणलं. शेजारचा बकाराम कुंपणाशी उभाच होता.

"काय आणलं गा, तांदूळ?"

"पुस्तकं."

"शिजतात का?"

ही एक थट्टा बकारामनं पंचवीस वर्षं पुरवली. जेवणाच्या वक्ताला कुंपणावरून विचारायचा, "वहिनी, आज किती पानं टाकली गंजात?" चमेली, म्हणजे यादोरावची बायको, चुलीपाशी बसूनच उत्तर द्यायची, "तुमच्या घरच्या वरनापेक्षा घट्ट झालं भाऊजी, वाटी घेऊन या."

चमेलीला अक्षर येत नाही. पण त्या पोत्यातलं पुस्तक न् पुस्तक तिनं ऐकलेलं आहे, आणि तेही घरात नाही, मोहाखाली.

फागुन सरत आला की मोह टपकायला लागतो. झाडं जंगलात असली तरी कोणत्या घरानं कोणत्या झाडाखाली वेचायचं ते बापजाद्यांपासून ठरलेलं. कुंभऱ्यांची तीन झाडं, नाल्याच्या पलीकडं. खालचा पाला झाडून जाळायचा, पहिली पाच फुलं बडादेवाच्या नावानं बुडाशी ठेवायची, मग रोज पहाटे टोपली घेऊन जायचं. उशीर केला तर ढोरं खातात, चितळं खातात, आणि अस्वल खातं. मोहासारखं गोड अस्वलाला दुसरं काही नाही. म्हणून आमच्याकडं रीत आहे: एकानं वाकून वेचायचं, दुसऱ्यानं आवाज देत राहायचा. अस्वलाची नजर अधू असते. माणसाचा आवाज सारखा कानावर येत असला तर ते वाट बदलतं, अचानक माणूस समोर आला तर मात्र अंगावर येतं. वाकलेल्या माणसाला तर मोहाशिवाय काही दिसतच नाही. दुसऱ्याचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, एवढंच त्याला ठाऊक. कोणी डबा वाजवतं, कोणी गाणं म्हणतं, आताचे पोट्टे मोबाइल लावून ठेवतात.

यादोराव वाचायचा. मधल्या झाडापाशी एक काळा दगड आहे, त्याच्यावर बसून, मोठ्यानं. त्याच्या सगळ्या जागांमध्ये ही जागा त्याला जास्त आवडायची, कारण दुसरीकडं कुठंही वाचायला बसलं की काम सांगायला दहा जण. इथं वाचणं हेच काम होतं. आजूबाजूच्या झाडांखालच्या बायाही ऐकायच्या. मध्येच कोणी ओरडायची, "काकाजी, जोरानं वाचा ना! इकडं आयकू येऊन नाई राहिलं!"

गेल्या वर्षी त्यानं पोत्याच्या तळाचं पुस्तक काढलं. जाड, कव्हर गेलेलं, पहिली अकरा पानं नाहीत. नाव काय, लिहिलं कोणी, काही ठाऊक नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं मागं राहिलं होतं. गोष्ट जहाजाची. यादोरावनं समुद्र पाहिलेला नाही, इटियाडोहाचं धरण पाहिलं होतं, त्याच्यावरून तो भागवून घेत होता. जहाजाचा कप्तान मरतो आणि मागं एक कुलूपबंद पेटी ठेवून जातो. पेटीत काय आहे कोणालाच ठाऊक नाही, पण तिच्यापायी अख्खं जहाज एकमेकांच्या जिवावर उठलेलं. तीन हप्ते हे चाललं. चमेली दुपारी भाकर थापता थापता विचारायची, "मंग? उघडतीन का नाई थे पेटी?"

"पुढं वाचलं नाई अजून."

"खरंच नाई का?"

"तुझी आन."

खरंच वाचत नव्हता. मोहाचं पुस्तक मोहाखालीच, हा त्याचा नेम होता.

चैत्रातली ती सकाळ. मोह संपत आला होता, दुसऱ्या बाया यायच्या बंद झाल्या होत्या, दोघंच होती. अक्षर दिसण्याइतपत उजाडलं आणि यादोरावनं सुरुवात केली. चमेली पलीकडच्या झाडाखाली, वीसेक पावलांवर, नाल्याकडं पाठ करून वेचत होती. जहाजावरच्या स्वयंपाक्यानं कुऱ्हाड आणली. कुलूप तुटलं. "झाकण वर झालं, आणि," यादोरावनं मोठ्यानं वाचलं, आणि पान संपलं.

त्यानं पान उलटलं. आवाज मागच्या पानावरच राहिला. डोळे पुढं धावत गेले, एक पान, दुसरं पान. तोंड बंद झालं हे त्याला कळलंसुद्धा नाही.

अस्वल नाल्यातून वर आलं.

ओरडणं ऐकून तो उठला, बाजूची कुऱ्हाड घेऊन धावला, बोंबलला, उलट्या कुऱ्हाडीचे दोन घाव घातले. अस्वल गेलं. चमेलीचा डावा डोळा गेला होता आणि त्या बाजूची डोक्याची कातडी कानापर्यंत लोंबत होती. गावातल्या माणसांनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडीनं गोंदियाच्या दवाखान्यात. बावीस दिवस.

वनखात्याचे लोक बयान लिहायला दवाखान्यात आले. चमेलीचं तोंड पट्ट्यांत बांधलेलं, खाटेच्या बाजूला यादोराव.

"तुम्ही कुठं होता?"

"दगडावर."

"आवाज देत होता?"

यादोरावनं खाली पाहिलं. "डुलकी लागली होती साहेब."

तसं लिहिलं गेलं. गावानंही तेच धरलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, तीन वाजतापासून उठलेला, झपकी लागली त्याला. बकारामसुद्धा म्हणाला, "झोप कोनाच्या बापाची नौकर हाये का?" झोपलेल्या माणसाला माफी असते. पण बायको वाकलेली असताना गोष्टीत पुढं काय झालं ते बघायला मुका झालेला माणूस? त्याला काय म्हणायचं, त्यासाठी आमच्या बोलीत शब्द पुष्कळ आहेत, त्यातला एकही यादोरावला ऐकायचा नव्हता.

त्यानंतर त्यानं वाचलं नाही. जागा सोडल्या नाहीत, हे विचित्र. गंजीला पाठ लावून बसायचा, हात रिकामे. बोडीच्या पाळीवर मुळावर बसून पाण्याकडं पाहायचा आणि पाच मिनिटांत उठून घरी यायचा. देवरीच्या स्टॉपवर पहिल्या बसला हात दाखवायला लागला. पानठेलावाला म्हणाला, "बुढा सुधरला."

उठून घरी यायचं कारण चमेली. तिला शांतता सोसेना झाली. घरात आवाज थांबला, भांडं वाजायचं थांबलं, की तिचा हात जागच्या जागी राहायचा आणि ती हाक द्यायची, "हाये का?"

"हाये."

थोड्या वेळानं पुन्हा, "हाये का?"

"हाये ना वो."

दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. यादोरावनं त्या "हाये"ला कधी कंटाळा केला नाही. पण दर वेळी तो शब्द त्याच्या घशातून काटा ओढल्यासारखा निघायचा.

यंदाचा फागुन सरत आला. पोरगा हेमेंद्र गोंदियाला राईस मिलमध्ये आहे, त्याचा फोन आला, "आई, मोहाले जाऊ नोको यंदा. सांगून ठेवतो."

"काऊन? झाडं तुझ्या शेठची हायेत का?" चमेलीनं फोन ठेवून दिला.

दुपारी ती आंगणात मोहाची टोपली शेणानं सारवत बसली. यादोराव सपरीत बाजेवर. तो म्हणाला, "जायचंच असन तर मी डबा वाजवतो."

"डबा?" चमेलीनं वर पाहिलं. आता एकाच डोळ्यानं पाहायचं म्हणून तिला अख्खं तोंड वळवावं लागतं. "पंचवीस वर्षं पुस्तक आयकलं, आन् आता डबा आयकू?"

यादोरावनं बाजेच्या सुतळीची एक गाठ उकलायला घेतली.

"त्या पेटीत काय होतं?" चमेलीनं विचारलं.

"कोनत्या पेटीत?"

"जहाजावरच्या."

"मले का मालूम? मी झोपलो होतो ना."

चमेलीचा हात सारवतच होता. "चाळीस वर्षं तुमच्या बाजूले झोपून राहिली मी. तुमी झोपले का घोरता. बसल्या जागी झोपले तरी घोरता. पोरीच्या, संध्याच्या, लगनात मांडवात घोरले, थ्या बँडवाल्यानं वाजवनं थांबवून पाहिलं. त्या दिवशी तुमी घोरून नोयते राहिले. पान उलटल्याचा आवाज आलता मले."

आंगणात कोंबडी माती उकरत होती तेवढाच आवाज. यादोरावला वाटलं, आता ती "हाये का" म्हणेल. ती म्हणाली नाही.

"मंग साहेबासमोर काऊन नाई बोलली?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तोंडाले टाके होते माझ्या. आन् टाके निंगाल्यावर कायले बोलू? म्हटलं, आज सांगते बुढा, उद्या सांगते. साल गेलं." तिनं शेणाचा हात टोपलीच्या कडेला पुसला. "सांगा. काय होतं?"

"काई नोयतं."

"म्हंजे?"

"रिकामी होती. बुडाशी थोडसाक गंज."

चमेलीनं टोपलीच्या रिकाम्या तळाकडं पाहिलं.

"रिकाम्या पेटीपायी डोळा गेला म्हना माझा."

टोपली उचलून ती आपल्या डोक्यात घालेल असं यादोरावला वाटलं. घातली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं टोपली उन्हात पालथी ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या जाऊ. पुस्तक घ्या. पन गोड नोको. बेचव पाहा एखादं. वाचता वाचता तुमालेच कंटाळा आला पायजे असं."

यादोराव सांजपर्यंत पोतं उपसत बसला. चांगली चांगली बाजूला टाकत गेला. शेवटी धानावरच्या किडींची एक पातळ सरकारी पुस्तिका हाती लागली, कोपऱ्यातून वाळवीनं खाल्लेली. ती त्यानं सदऱ्याच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाला ओलांडून ते झाडांपाशी गेले. चमेलीनं पाच फुलं बुडाशी ठेवली. यादोराव दगडावर बसला नाही, उभा राहिला, तिच्यापासून चार पावलांवर, नाल्याकडं तोंड करून. अक्षर दिसेपर्यंत नुसतेच आकडे म्हणत राहिला, एक ते शंभर आणि परत. उजाडल्यावर पुस्तिका काढली.

"खोडकिडा. या किडीची अळी खोडात शिरून आतील भाग खाते. परिणामी रोपाचा मधला पोंगा सुकतो..."

बकारामचं झाड तिकडं दूर. तिथून त्याचा आवाज आला, "काय वाचून राहिला गा?"

"खोडकिडा!"

"मंग? लगन झालं का त्याचं?"

एक बाई हसली. चमेली हसली की नाही ते यादोरावला दिसलं नाही, तिची पाठ होती. तो वाचत राहिला. तुडतुडे झाले, गादमाशी झाली, करपा सुरू झाला. ऊन पानांतून खाली आलं. घसा कोरडा पडला, शब्द चिकटायला लागले. त्यानं बाटली काढली, झाकण फिरवलं आणि एक घोट घेतला.

चमेली ताठ उभी झाली होती. मुठीत मोह, तोंड पूर्ण त्याच्याकडं वळवलेलं. हाकही दिली नाही.

यादोरावच्या तोंडात पाणी होतं. ते तसंच ठेवून, हनुवटीवरून सांडत, ठसका लागत, त्यानं वाचायला सुरुवात केली, "करप्याचे ठिपके... पानावर... दोन्ही टोकांना निमुळते..."

ती लगेच वाकली नाही. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली. मग वाकली.

पाण्यासाठी तो त्या दिवशी पुन्हा थांबला नाही.