पाडलेल्या घराची घरपट्टी

मंडळी, दुपारपासून मला काही सुचत नाहीये.

आज इंदापुरात घरपट्टी भरायला गेले होते. रांगेत पुढं आमच्या आळीतले तात्या दिसले आणि मी चाटच पडले. त्यांचं घर तर नव्वदच्या दशकातच रस्ता रुंद करताना पाडलं होतं!

"तात्या, कशाची पट्टी भरताय? घर कुठं हाय आता?"

"न्हाय भरली तर दप्तरातनं आईचं नाव काढून टाकतील, पोरी. तिच्या नावावर जलमात तेवढंच होतं."

म्हणजे इतकी वर्षं ते नसलेल्या घराची पट्टी भरत होते!

मी खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अर्ज द्या. बांधकामाची पट्टी बंद होईल. मागं उरलेल्या मोकळ्या जागेची थोडी राहील, पण नाव आईचंच राहील."

तात्या खिडकीकडं वाकले. "हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

"मग तुमी विचारलं का न्हाय?"

"विचारलं आन् घर न्हाय हे त्यांच्या ध्यानात आलं तर?"

अर्ज मी तिथंच लिहून दिला. सही करायच्या आधी तात्यांनी आईचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

तुमच्या घरातलं कुणी असंच भीतीपोटी गप्प राहून पैसे भरत नाही ना? आज जरा विचाराल?