भागोजीच्या आवाजातलं गाऱ्हाणं

देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान भागोजीच्या घराण्याचा. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या चौथऱ्यावर, बसली की तो नारळ पुढे ठेवून गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा, आणि प्रत्येक मागण्यामागे सारा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. भागोजीचा शब्द खाली पडत नाही, असा लोकांचा समज. कुणाला पोर झालं की पहिला पेढा त्याच्या बायकोच्या, सोनूबाईच्या, हातावर पडे.

गेल्या भाद्रपदात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मान आता भावकीतल्या आत्मारामकडे जाणार या धास्तीनं तो जेवेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या लेकीनं, दीपालीनं, मोबाईल आणला. जुन्या शिमग्यांच्या व्हिडिओंतून तिनं बापाचा आवाज त्यात बसवला होता. त्यानं बोटानं लिहायचं, मोबाईलनं त्याच्या आवाजात बोलायचं. बोट अडलंच, तर पुढचे शब्द मोबाईल आपणच जुळवी.

पालीच्या बाजारात लोक त्याला मुद्दाम थांबवून बोलायला लावत. सोनूबाईला काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही. एकदा जेवताना मोबाईल म्हणाला, "कालवणात मीठ थोडं कमी आहे, बघतेस का?" इतक्या वर्षांत भागोजीनं नुसतं ताट सरकवलं होतं.

"ह्ये तुमी लिवलंत?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, तिला कळलं नाही.

शिमग्याआधी गावाच्या बैठकीत आत्माराम म्हणाला, देवाला माणसाचा श्वास लागतो. त्यावर पोरं हसली. देवळातला ढोल आणि घंटा पाच वर्षं विजेवर वाजतात, त्यांना कुठला श्वास? शेवटी यंदा बघू, असं ठरलं.

शेजारच्या आनंदीबाईचा मुलगा गौरव बोटीवर कामाला होता. मागच्या पावसाळ्यात तो समुद्रात पडला, सापडला नाही. आठ महिने ती वाट बघत होती. सोनूबाईनंच समजूत घालून तिला तयार केलं. शिमगा झाला की देहाच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. भटजींना सांगून झालं होतं.

शिमग्याला मोबाईल कर्ण्याला जोडला. तोच भरदार आवाज उठला आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चार मागणी झाली, आणि भागोजी थांबला. इथे तो दरवर्षीच थांबे. मान वर करून गर्दीतले चेहरे बघे, कुणाच्या घरी काय उणं ते आठवे, मग त्यांच्या नावानं मागे.

मोबाईलच्या लेखी बोट अडलं होतं. त्यानं गेल्या शिमग्यातलं मागणं पुढे जोडलं.

"बोटीवर गेलेला आनंदीबाईचा गौरव सुखरूप घरी येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सारा गाव म्हणाला. सोनूबाईसुद्धा. आणि मग कुणी कुणाकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाई आली आणि पडवीत टेकली. भटजींना येऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणाली. चेहरा असा, की गेल्या आठ महिन्यांत सोनूबाईनं तो पाहिला नव्हता. भागोजीचं बोट मोबाईलवर फिरलं.

"वयनी, काल ते मी बोललो नाय. गौरव गेला."

आवाज सहाणेवरचाच. तसाच भरदार.

आनंदीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "कालपण तुमीच बोललात, भावजी, आजपण तुमीच. मी कुठचं खरं धरू?"

भागोजीनं मोबाईल बाजूला टाकला आणि तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. त्यानं सोनूबाईकडे पाहिलं.

"आनंदी, अगं, त्या यंत्रानं..." सोनूबाई म्हणाली.

"तू पण व्हय म्हणालीस," आनंदीबाई म्हणाली. "माझ्या बाजूलाच उभी व्हतीस."

आनंदीबाई उठली. घरी गौरवची गादी उन्हात घातली होती, ती उलटायची होती.