बबनराव उठत नाहीत

हिंगणघाटला कापसाच्या एका जिनात वजनकाट्यावर काम करणारे बबनराव माणूस म्हणून अगदी सज्जन. फक्त त्यांना कोणाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर 'हो'सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. समोरचा जे बोलेल त्याच्या पाठोपाठ मान हलवायची, एवढंच त्यांना जमायचं. या स्वभावाला लोक भीड म्हणतात. त्यांची बायको विमलाबाई तिला दुसरंच काही म्हणायची, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही.

एकदा न्हाव्याने गप्पांच्या नादात त्यांच्या मिशीची एक बाजू नको तेवढी कापली आणि मग विचारलं, "आता कसं करू जी?" बबनराव म्हणाले, "तुले बरं वाटंन तसं कर." ते बिनमिशीचे घरी आले आणि विमलाबाईने दारातच त्यांना कोण पाहिजे म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा जाम गावाच्या अलीकडच्याच एका खेड्यात लग्नाला निघाले, तर कंडक्टरने चुकून सरळ जामचं तिकीट फाडलं. आता त्याला परत कुठे त्रास द्यायचा? बबनराव गुमान जामपर्यंत गेले, चौकात उभ्याने चहा घेतला, उलट्या गाडीने परत आले, तोवर मांडवात शेवटची पंगत उठली होती. जिनात नवा मुनीम आला तो त्यांना पहिल्याच दिवशी 'चंद्रभान' म्हणाला. बबनरावांनी ओ दिली. पुढे खरोखरीचा चंद्रभान कामाला लागला, तेव्हा पंचाईत त्या बिचाऱ्याची झाली.

अशा माणसाला खुशाल हसावं. पण दुसऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून स्वतः जामपर्यंत जाऊन येणारे असतात किती, हेही हसून झाल्यावर जरा मोजून पाहावं.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. कापसाचा हंगाम सरत आला होता, कडुनिंबाला फूल आलं होतं, ऊन अजून अंगाला सोसवत होतं. बबनरावांचा मुलगा गुलाब लग्नाचा झाला होता आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या वासुदेवरावांची मुलगी कोकिळा सांगून आली होती. विमलाबाईने तिला नात्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं. गुलाबनेही पाहिलं होतं, आणि त्या लग्नात त्याने जिलबी नको इतक्या वेळा मागून घेतली होती, कारण जिलबी ती वाढत होती. म्हणजे घरातलं मत पक्कं होतं. राहिलं होतं ते रीतसर पाहणं, आणि तिथे अडचण बापूजींची होती.

बापूजी हे बबनरावांचे थोरले भाऊ. घरातला शब्द त्यांचा. त्यांच्या मनात त्यांच्या मेहुण्याची देवळीची पुतणी भरली होती. ते बोरगावला येणार होते ते केवळ पाहून नाही म्हणायला. थोरल्या भावापुढे बबनराव आजवर कधी बोलले नव्हते. विमलाबाईला हे ठाऊक होतं, म्हणून तिने निघताना नवऱ्याला फार सोपं काम सांगितलं.

"तुमाले हो म्हणता येत नसंन तर नोका म्हणू," ती म्हणाली. "फक्त तिथं पाटावर बसून पोटभर जेवून येजा. लोक समजून घेतात."

ते खरंच होतं. आमच्याकडे मुलगी पाहायला आलेला पाहुणा नुसता चहा घेऊन उठला, तर त्याचा अर्थ काहीही निघू शकतो. पण तो जेवला तर संबंध जमल्यात जमा, आणि जेवायला नाही म्हणाला तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. जेवण्याच्या बाबतीत बबनरावांना भीड नव्हती. विमलाबाई निर्धास्त झाली.

दोघा भावांना जायचं होतं दुपारच्या एसटीने. पण सकाळीच जिनातला ड्रायव्हर नानाजी सरकीचा ट्रक घेऊन दारावरून चालला होता. त्याने ट्रक थांबवून म्हटलं, "वर्ध्यालेच चाललो, बसा नं जी." झालं. बबनरावांना नाही म्हणवेना, आणि बापूजींना एसटीतली रेटारेटी नकोच होती. चार वाजता येणारे पाहुणे दहा वाजताच वासुदेवरावांच्या आंगणात हजर झाले.

आंगणात त्या दिवशी कुरोड्या घालणं चाललं होतं. गल्लीतल्या झाडून साऱ्या बाजा तिथे गोळा केलेल्या. त्यांवर धोतरं-लुगडी अंथरून बायका गव्हाच्या चिकाच्या ओल्या कुरोड्या सोऱ्याने पाडत होत्या. पाहुणे दिसताच सोऱ्या तिथेच टाकून सगळ्या आत पळाल्या. वासुदेवराव बनियनवर होते. "या जी, या, बसा, बसा," असं म्हणत, हात चारी दिशांना हलवत तेही सदरा घालायला आत गेले.

आंगणात खुर्ची एकच होती. तिच्यावर बापूजी बसले. बबनरावांनी पाहिलं, कडुनिंबाच्या सावलीत एक बाज जराशी बाजूला होती. तिच्यावर पांढरंशुभ्र धोतर चारी कोपरे खोचून नीट पसरलेलं. पाहुण्यांसाठी किती अगत्याने बैठक घातली म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि ते आपल्या भरदार देहासकट तिच्यावर बसले.

कर्रर्र, असा आवाज झाला.

बबनरावांना आधी वाटलं, बाजेची दोरी तुटली. मग खालून टोचायला लागलं. त्यांनी हळूच धोतराखाली हात घालून एक तुकडा बाहेर काढला, पाहिला आणि खिशात टाकला. कालच्या वाळलेल्या कुरोड्या होत्या त्या, सोडवून नुसत्या दोऱ्यांवर मांडलेल्या आणि चिमण्यांनी टोचू नयेत म्हणून वरून झाकलेल्या. गहू भिजवायचे, दळायचे, चीक गाळायचा, शिजवायचा आणि मग हात भरून येईस्तोवर सोऱ्या दाबायचा, हे सगळं बबनराव घरी दरवर्षी पाहत होते. मांजर कुरोड्यांवरून गेलं म्हणून विमलाबाईने गल्ली डोक्यावर घेतली होती. आणि इथे तर होणारा व्याहीच बसला होता.

दुसरा कोणी असता तर टुणकन उठून, हसून मोकळा झाला असता. बबनरावांना ते कसं जमावं? उठलं की धोतर दिसणार, धोतराखालचा चुरा दिसणार, आतल्या माउलीचं तोंड उतरणार. जोवर आपण बसलेलो आहोत तोवर काहीच झालेलं नाही, असा त्यांनी हिशेब केला आणि बूड घट्ट रोवलं.

इकडे आत दाराआड वेगळीच गडबड. तो आवाज वासुदेवरावांच्या बायकोने, आनंदाबाईने, साफ ऐकला होता. तिने नवऱ्याची बाही धरली आणि कानात सांगितलं, "पाहुण्याले काईच बोलू नोका. लाजून जातीन बिचारे. काई ना काई करून हळूच उठवा." म्हणजे बबनरावांना वाटत होतं, घरच्यांना माहीत नाही, घरच्यांना वाटत होतं, पाहुण्याला माहीत नाही. दोन्हीकडची माणसं चांगली असली की घोळ असा वाढतो.

वासुदेवराव सदरा घालून आले. "चाला जी, हातपाय धुऊन घ्या. ट्रकची धूळ हाय."

"मी आत्ताच धुतले," बबनराव म्हणाले. त्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

थोड्या वेळाने वासुदेवरावांनी नवी कालवड पाहायला चला म्हटलं. बापूजी गेले, पाहून आले. बबनराव इथूनच म्हणाले, "चांगली हाय." मग लिंबाची सावली सरकली आणि ऊन नेमकं त्यांच्या डोक्यावर आलं. वासुदेवरावांनी ओसरीत बसायचा आग्रह केला. बबनराव म्हणाले, कोवळं ऊन अंगाला चांगलं असतं. अकरा वाजून गेले होते आणि घाम त्यांच्या कानावरून गळत होता.

चहा-पोहे आले, ते त्यांनी बसल्या जागी घेतले. कोकिळा आली. उंच, सावळी, डोळ्यांत सरळ पाहणारी मुलगी. बापूजींनी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी किती मोठी थापता येते विचारलं. "परातीएवढी," ती म्हणाली. बबनरावांना ती फार आवडली. मग ती पाया पडायला वाकली, आणि वाकल्यावर तिची नजर बाजेखाली गेली. दोऱ्यांच्या फटींतून खाली चुऱ्याची पांढरी रांगोळी पडली होती. तिने वर पाहिलं. बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदर सावरून आत गेली. बबनरावांचा जीव अर्धा झाला.

मग वासुदेवरावांनी शेवटचा उपाय काढला. "पाट मांडले जी. दोन घास खाऊन घ्या."

आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी बसल्याचा चुर्र आवाज आला. बबनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण जेवायचं म्हणजे उठायचं. ज्या एका कामासाठी बायकोने पाठवलं होतं, तेच समोर पाटावर वाढून ठेवलेलं, आणि त्यांना उठता येत नव्हतं.

"माहा उपास हाय," ते म्हणाले. "चतुर्थीचा."

"चतुर्थी तं परवा झाली," बापूजी म्हणाले.

"मी दोन दिस उशिरानं धरतो," बबनराव म्हणाले.

वासुदेवरावांचा चेहरा पडला. आत पाट उचलल्याचा आवाज आला, मग बांगड्या वाजल्या, मग कोणीतरी नाक ओढलं. ते बबनरावांनी ऐकलं, आणि त्यांना स्वतःची इतकी चीड आली की तशी आयुष्यात कोणाची आली नव्हती. मुलगी मनासारखी, माणसं मनासारखी, घरी बायको वाट पाहत असेल, गुलाब वाट पाहत असेल, आणि आपण इथे कुरोड्यांवर बसून पोराचं लग्न मोडतो आहोत.

बापूजींना मात्र आनंद झाला. धाकटा भाऊ आपण न सांगताच आपल्या मनातलं बोलला, असं त्यांना वाटलं. ते खुर्चीतून उठले, उपरणं झटकलं. "बरं, येतो मंग आमी. काय ते कळवतो," ते म्हणाले आणि जोडे घालायला वळले. 'कळवतो' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही.

तेव्हा कोकिळा बाहेर आली. हातात सूप होतं. ती सरळ बाजेपाशी येऊन उभी राहिली.

"काकाजी, उठा जी आता," ती म्हणाली. "मी पाया पडली तवाच पाह्यलं. खाली चुरा पडला हाय."

"कायचा चुरा?" बापूजींनी विचारलं.

"कुरोड्यांचा. काल मीच घातल्या होत्या." मग ती बबनरावांकडे वळली. "त्याच्यात काय एवढं? चुऱ्याची भाजी करतो आमी, लगित चांगली होते. आई आत उगाच रडून राह्यली, अन् तुमी इथं उगाच उपाशी बसले. कुरोड्या पुन्हा घालता येतात."

वासुदेवराव मुलीला दटावायला पुढे आले, पण तिने सूप बाजेच्या कडेला टेकवलं होतं आणि ती वाट पाहत उभी होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, टिंगलही नव्हती. बबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी सोडवलं नव्हतं; न्हाव्याने नाही, कंडक्टरने नाही, मुनिमाने तर नाहीच.

ते उठले. पाय बधिर झाले होते, म्हणून लिंबाचं खोड धरावं लागलं. मागे बाजेवरच्या धोतरात खळगा पडला होता आणि कडेने चुरा डोकावत होता, तो त्यांनी तसाच दिसू दिला.

"बबन, चाल," बापूजी म्हणाले. "गाडीची वेळ झाली."

बबनरावांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. मान हलवायची सवय, ती हलायला लागलीच होती. त्यांनी ती मध्येच थांबवली.

"तुमाले जायचं तं जा, दादा," ते म्हणाले. "मी जेवून येतो."

"अन् उपास?"

"सुटला."

आत कोणीतरी भराभर पाट परत मांडायला लागलं. बबनराव हात धुवायला निघाले, दोन पावलं गेले आणि परत फिरले. कोकिळा सुपात चुरा भरत होती.

"अन् पोरी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले काकाजी नोको म्हणू. मामाजी म्हण."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. दाराआडच्या बायका एकदम हसल्या आणि त्यांत आनंदाबाईचं हसणं भिजलेलं होतं. वासुदेवरावांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते पाण्याचा तांब्या घेऊन धावले. बापूजींनी एक पाय जोड्यात घातला होता. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, भावाकडे पाहत. मग त्यांनी पाय बाहेर काढला आणि हात धुवायला बबनरावांच्या मागे जाऊन उभे राहिले.