आधी विचारा, मग हात लावा

“याचं लुगडं सोड रे.”

मोठा डॉक्टर हे मला म्हणाला नाही. वॉर्डबॉयला म्हणाला. माझ्या खाटेभोवती डॉक्टरकी शिकणारी पोरंपोरी उभी होती. वॉर्डबॉयनं निऱ्यांना हात घातला आणि मी सगळ्यांसमोर उघडी पडले. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर सकाळी.

खाट व्हरांड्यात, कारण बायकांच्या वॉर्डात मला घेईनात आणि पुरुषांच्या वॉर्डात मी जाईना. मी जोगती. पुरुषाच्या अंगानं जन्मले, पण कळायला लागल्यापासून मी बाईच आहे. माझी गुरू गंगव्वा, तिनं माझ्या गळ्यात यल्लम्माचे मणी बांधले. तेव्हापासून लुगडं नेसते, परडी घेऊन जोगवा मागते. आमच्या मंद्रूप गावात मला सगळे ओळखतात. हसणारे हसतात, पण मी दारात गेले की जोगवा वाढतात. दुष्काळ नुकताच सरला होता, त्या साली पोटात उजवीकडे कळ उठली. ताप चढला. गंगव्वानं मला एसटीत घालून इथं आणलं.

दुखत होतं पोट. बघत होते भलतीकडेच.

डॉक्टर इंग्रजीत बोलत होता. मध्येच पोरं हसली. मी पोटावर हात ठेवला. म्हणाले, “सायेब, हितं दुखतंय.” त्यानं माझा हात बाजूला सारला. एका पोरीनं मराठीत विचारलं, “सर, हे स्वतःला बाई मानतात का?”

“याला काय विचारायचं? बघितलं की कळतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. झाला धडा! एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही माझं तोंड दिसलं नाही. दिवसभर मी पांघरुणात रडले. आधी लाजेनं, मग संतापानं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबरोबर नवी पोरं आली. पुढच्या पोरानं कुणी सांगायच्या आधीच माझ्या पांघरुणाला हात घातला. म्हणजे हे असंच शिकणार, आणि शिकून गावोगाव दवाखाने थाटणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचं मनगट धरलं.

“आदी इचार की. नाव काय ते इचार. दुखतंय कुटं ते इचार. मला बाई म्हनायचं का बाप्या, ते बी मलाच इचार. मंग हात लाव.”

“तपासू द्यायचं नसेल तर चालता हो!” डॉक्टर ओरडला.

गंगव्वा पाया पडायला लागली. त्याच्या नाही, माझ्या. “सोस की गं. जीव जाईल तुजा.”

जीव जाईल हे मलाही कळत होतं. लई भ्याले होते. तरी म्हणाले, “हितनं जानार न्हाय. आजारी हाय मी. तपासा की. पर इचारून.”

कुणी विचारलं नाही. डॉक्टर पोरांना घेऊन पुढच्या वॉर्डात गेला. दुपारी माझी शुद्ध हरपली, तेव्हा कुठं पोट फाडून आतलं सडकं काढलं. बेशुद्ध माणसाला विचारायची पंचाईतच नव्हती.

मी वाचले. तो डॉक्टर काही बदलला नाही.

आता आमच्यातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, दुधनीहून असो की करमाळ्याहून, मला निरोप येतो. मी उशाशी उभी राहते. न विचारता लुगड्याकडे हात आला की मनगट धरते. ओरडू देत, हाकलू देत. विचारल्याशिवाय मी सोडत नाही.